नवा मेटल डिटेक्टर आणि जुनी नाणी: आधी लोखंड ऐकायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम किमतीचा मेटल डिटेक्टर नुकताच घेतला आहे आणि जुनी नाणी शोधायची आहेत. घरात कॉइलवर, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तबकडीवर, नाणे ठेवून पाहिले तर मशीन कधी गप्प बसते, तर कधी काही नसताना ओरडते. मोकळ्या जमिनीवर नेले की पावलोपावली आवाज. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळण्याची सोय, वाढवल्यावर शांतता झाली, पण मग बाटल्यांची बुचे आणि पेयांच्या डब्यांच्या कड्या सोडून काहीच निघाले नाही. मशीन सदोष आहे का, की मोठी कॉइल घ्यावी?

मशीन बहुतेक ठणठणीत आहे, आणि मोठी कॉइल सध्या घेऊ नका. कॉइलबद्दल शेवटी लिहितो. त्याआधी एक गोष्ट मनावर घ्या, बाकी सगळे तिच्यावरच अवलंबून आहे: लोखंडाचा आवाज बंद करून जुनी नाणी सापडत नाहीत. माणसे जिथे पिढ्यान् पिढ्या राहिली, बसली-उठली, देवघेव करत आली, तिथेच नाणी पडली. आणि तिथेच खिळे, नाल, साखळीचे दुवे, मोडक्या अवजारांचे तुकडेही पडले. ज्या जमिनीत लोखंडाचा कणही लागत नाही, तिथे माणसांचा वावर फारसा नव्हता असे समजावे. त्यामुळे लोखंडाची कुरकुर ऐकू आली की मला बरे वाटते.

आता घरातल्या चाचणीचे पाहू. नाणे कॉइलवर ठेवून वाट पाहिली तर आजची बहुतेक मशीन गप्पच राहतात, कारण नेहमीच्या शोधाच्या मोडमध्ये ती फक्त बदल टिपतात. नाणे तरी हलले पाहिजे, नाहीतर कॉइल तरी. उगाच ओरडण्याचे कारण म्हणजे फरशीखालच्या सळया, भिंतीतल्या वायरी, शेजारचा राउटर आणि तुमच्या खिशातला मोबाइल. ही अडचण या यंत्राच्या जन्मापासूनची आहे. 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वावरचे उपकरण आणले होते. गादीतल्या पोलादी तारांनी त्याचा आवाज गोंधळून टाकला, आणि डॉक्टरांनी शोध उजव्या बाजूपुरताच घेऊ दिला. गोळी डाव्या बाजूला निघाली. उपकरण चालत होते. भोवतालचे लोखंड आणि शोधायची चुकीची जागा, या दोन गोष्टी आड आल्या.

म्हणून चाचणी उघड्यावर घ्या. मोबाइल लांब ठेवा. अंगठी, घड्याळ, हातातले कडे काढा. कॉइलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळली आहे ना ते बघा, कारण लोंबकळणारी केबल हलली तरी मशीन आवाज देते. कॉइल प्लास्टिकच्या खुर्चीवर उताणी ठेवा आणि एकेक वस्तू तिच्यावरून चार-पाच इंच उंचीवर फिरवा: चांदीचे नाणे, तांब्याचे, पितळेचे, तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे, गंजलेला खिळा, बाटलीचे पत्र्याचे बूच, फॉइलचा बोळा, डब्याची कडी. नाणे आधी आडवे फिरवा, मग उभे. पडद्यावरचा आकडा आणि कानाला लागलेला आवाज, दोन्ही वहीत लिहा. आकड्यांची पट्टी प्रत्येक मशीनची वेगळी असते, तेव्हा दुसऱ्याच्या मशीनचे आकडे पाठ करून काही उपयोग नाही. ही वही तुमची तुम्हालाच करावी लागेल.

हे करताना एक गोष्ट ध्यानात येईल. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक जमिनीत सतत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत गरगरणारे छोटे विद्युतप्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचे परत आलेले क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. परत येताना ते किती मागे पडले, यावरून मशीन आकडा ठरवते. वीज जितकी चांगली वाहते तितका आकडा साधारणपणे वर जातो. चांदी सर्वांत वर, पाठोपाठ तांबे. सोने आणि ॲल्युमिनियम त्याखाली. पितळ बरेच खाली. शिसे आणि तांबे-निकेलचा मिश्रधातू आणखी खाली. पण धातूइतकाच आकार आणि जाडीही या आकड्यात मिसळलेली असते. हाताने ठोकलेले, नखाएवढे पातळ चांदीचे नाणे फॉइलच्या आसपास बोलू शकते. शिशाचे नाणे कडीच्या शेजारी जाऊन बसते. शुद्ध निकेलचे नाणे तर चुंबकाला चिकटते, त्यामुळे मशीन त्याला लोखंडही समजू शकते. उलट पत्र्याचे बूच असते लोखंडी, पण चपटे आणि गोल असल्यामुळे बऱ्याच मशीनवर नाण्याच्या आकड्यापर्यंत चढते.

तुमच्या निकालाचे कारण इथेच आहे. डिस्क्रिमिनेशन वाढवून तुम्ही खालचे आणि मधले आकडे बंद केलेत. त्याबरोबर पातळ चांदी, शिसे, मिश्रधातू सगळे गेले. बुचे आणि मोठ्या कड्या तेवढ्या गाळणीतून पार झाल्या.

यापेक्षाही मोठे नुकसान कानाला कळत नाही. नाकारायचा सिग्नल कॉइलखाली आला की मशीन क्षणभर गप्प होते, आणि त्या क्षणात नाण्यावरून कॉइल गेली तर नाणेही गप्प. खिळ्यापासून दोन बोटांवर असलेले चांदीचे नाणे असेच निसटते. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एक फळी घ्या. मधोमध एक नाणे ठेवा आणि त्याच्या आजूबाजूला तीन-चार गंजके खिळे वेगवेगळ्या कोनांत चिकटवा. फळी जमिनीवर ठेवून कॉइल दोन-तीन इंचांवरून आधी लांबीच्या दिशेने फिरवा, मग रुंदीच्या, मग दोन्ही तिरक्या दिशांनी. एका दिशेने नाणे स्वच्छ बोलेल, दुसऱ्या दिशेने अर्धवट तुटेल, तिसऱ्या दिशेने नुसते लोखंड ऐकू येईल. आता डिस्क्रिमिनेशन एकेक पायरी वाढवत तेच करा. नाणे कुठल्या पायरीला नाहीसे होते ते तुम्हीच बघाल. मग शून्यावर येऊन कॉइलचा वेग बदला, आणि मशीनमध्ये रिकव्हरी स्पीड असेल तर तोही बदलून पाहा. रिकव्हरी स्पीड म्हणजे एका वस्तूतून सुटून दुसरीकडे लक्ष देण्याचा मशीनचा वेग. लोखंडाने भरलेल्या जागी तो वेग वाढवायचा, मोकळ्या जागी कमी ठेवायचा. वेग वाढवला की बहुतेक मशीनची थोडी खोली कमी होते. नव्या माणसाला मी कुठल्याही माहितीपुस्तिकेच्या आधी ही फळी करायला सांगतो, कारण एका बैठकीत तिच्यामुळे जे कळते ते रानोमाळ भटकून लवकर कळत नाही.

मग शेतात किंवा माळावर मशीन कसे लावायचे? सगळे धातू चालू ठेवा, पण लोखंडाला वेगळा, जाड, बसका आवाज द्या. बहुतेक मशीनमध्ये ही सोय असते. त्याची ध्वनिपातळी कमी करता येत असेल तर करा, पण शून्य करू नका. हेडफोन लावा. लोखंडाच्या खरखरीतून मधूनच एखादा गोल, नितळ सूर निघतो, तो पकडायचा आहे, आणि उघड्या स्पीकरवर तो वाऱ्यात हरवतो.

असा सूर आला की लगेच खणू नका. समजा आकडा वर आहे, नाण्याच्या पट्टीत. त्याच जागी उभे राहून कॉइल लहान फेऱ्यांत हलवा आणि आवाज टिकतो का ते ऐका. मग नव्वद अंशांत वळून आडव्या दिशेने तेच करा. नाणे गोल असल्यामुळे सपाट पडले असेल तर चारही बाजूंनी जवळजवळ सारखेच बोलते, आकडा दोन-तीन घरांत हलतो. खिळा लांबट. त्याच्या टोकावरून कॉइल गेली की वरचा सूर निघतो, आणि आडवे होताच तो कोसळून घुर्र असा लोखंडी आवाज उरतो. त्यानंतर पिनपॉइंट मोड दाबून केंद्र शोधा. केंद्र आणि नितळ सूर एकाच जागी असतील तर खणायला हरकत नाही. सूर इकडे आणि केंद्र वीतभर तिकडे, असे असेल तर बहुधा खिळाच. अपवाद म्हणजे उभे रुतलेले नाणे. ते एका दिशेने चांगले आणि दुसऱ्या दिशेने किरटे बोलते, अगदी खिळ्यासारखे. म्हणून सुरुवातीला शंकेचे सिग्नलही खणा, आणि प्रत्येक वेळी खणण्यापूर्वी मनाशी म्हणा, हा खिळा की नाणे? मग बघा. कान तयार होण्याचा दुसरा रस्ता मला माहीत नाही.

मोठ्या, खूप गंजलेल्या लोखंडाबद्दल आणखी एक सांगतो. गंज भोवतालच्या मातीत झिरपतो आणि सिग्नल फुगवतो. खणून वस्तू काढली, तिचे तुकडे झाले, की आवाज एकदम मरतो आणि लोक चक्रावतात. खड्डा रिकामा, मशीन गप्प, तर मघाशी काय वाजत होते? बहुतेकदा तो गंजच होता.

जमिनीवर सतत पीं-पीं होण्याचे मुख्य कारण सेन्सिटिव्हिटी, म्हणजे क्षीण सिग्नलही टिपण्याची मशीनची पातळी. खोलवरचे सापडावे म्हणून नवा माणूस ती शेवटपर्यंत चढवतो. इथे भौतिकशास्त्र निष्ठुर आहे. कॉइलच्या आकाराच्या मानाने अंतर वाढू लागले की क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते, आणि नाण्याकडून परत येतानाही तसेच. म्हणजे जाऊन-येऊन सहावा घात. अंतर दुप्पट झाले की परतणारा सिग्नल सुमारे चौसष्टावा हिस्सा उरतो. सेन्सिटिव्हिटी थोडी वाढवून ही दरी भरत नाही, फक्त जमिनीचा आणि विजेच्या तारांचा गोंगाट वाढतो. मशीन शांत होईपर्यंत ती उतरवा. नॉइज कॅन्सल किंवा फ्रीक्वेन्सी बदलण्याची सोय असेल तर प्रत्येक नव्या जागी आधी ती वापरा. खोली हवी तर सेन्सिटिव्हिटी चढवण्याऐवजी कॉइल जमिनीजवळ ठेवा, गवताला घासत गेली तरी चालेल. फेरीच्या दोन्ही टोकांना बहुतेकांचा हात नकळत वर जातो आणि तिथे दोन-तीन इंच खोली वाया जाते. दहा-अकरा इंची कॉइलच्या साध्या मशीनला बऱ्या जमिनीत नाणे सहा ते आठ इंचांवर लागावे. याहून फार मोठ्या गप्पा ऐकल्यात तर हवेत घेतलेल्या चाचणीचे आकडे असतील असे समजा.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांकडे दुर्लक्ष करायला मशीनला शिकवणे, टाळू नका. खाली धातू नसलेली जागा शोधा, कॉइल एक फूट वर-खाली हलवा आणि आवाज दोन्हीकडे सारखा होईपर्यंत जुळवा. स्वयंचलित सोय असली तरी हीच हालचाल करावी लागते. लोहखनिजाचे कण भरपूर असलेल्या तांबड्या किंवा काळ्या जमिनीत हे केले नाही तर मशीन जमिनीशीच बोलत बसते. अशा जमिनीत खोली निम्म्यावर येऊ शकते, तेव्हा निराश होऊ नका. समुद्रकाठच्या ओल्या खाऱ्या वाळूची गोष्ट निराळी. मीठ वीज वाहते, आणि एकाच फ्रीक्वेन्सीची मशीन तिथे अडखळतात. तिथे एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारी किंवा पल्स इंडक्शन पद्धतीची मशीन चालतात. पल्स इंडक्शन खोल जाते, पण लोखंड आणि चांदी वेगळी करण्यात फार कच्चे असते, म्हणून वस्तीच्या जागी नाण्यांसाठी ते कामाचे नाही.

जागा निवडताना विचारा, इथे माणसाने हात खिशात किंवा कनवटीला कशासाठी घातला असेल? जुन्या पायवाटा, नदी ओलांडण्याची जागा, बाजार भरत असे ते मैदान, मोठ्या झाडाची सावली. जमिनीचा नवा भराव झाला असेल तर ती जागा सोडा; जुना थर तुमच्या कॉइलच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. जागा सापडली की छोटा चौकोन आखून घ्या. फेऱ्या एकमेकींवर अर्ध्या चढवत हळू चाला, मग तोच चौकोन आडव्या दिशेने. एकदा सरळ चाललेल्या जागेतून आडवे चालल्यावर नाणे निघते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि त्याचे कारण तुम्हाला फळीवर आधीच दिसलेले असेल.

खणण्यापूर्वी मालकाची परवानगी, शक्यतो लेखी. आणि त्या देशाचा कायदा आधी वाचा, मग मशीनला हात लावा. भारतात 1878 चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची मौल्यवान वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात उकरायचा तर विचारही करू नका. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये 1996 चा ट्रेझर ॲक्ट आहे आणि कळवण्यासाठी 14 दिवसांची मुदत आहे. कितीतरी देशांत पुरातन वस्तूंसाठी डिटेक्टर चालवायलाच परवाना लागतो. ही कटकट नव्हे. नाणे कुठल्या थरात, कशाशेजारी पडले होते, ही माहिती एकदा खणले की पुन्हा मिळत नाही.

याचे उत्तम उदाहरण 2010 सालचे आहे. इंग्लंडमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना एका शेतात नाणी लागली, आणि खाली मडक्याचे तोंड दिसले. ते तिथेच थांबले आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. मडक्यात 52,503 रोमन नाणी निघाली. ती थराथराने उचलल्यामुळे कळले की कॅरॉसिअस या रोमन सत्ताधीशाची, म्हणजे त्यातली सर्वांत उशिराची नाणी बरीचशी खालच्या भागात होती. वर्षानुवर्षे थोडी थोडी टाकलेली ही बचत नसावी, मडके एका वेळीच भरले असावे, हा निष्कर्ष केवळ त्यामुळे काढता आला. एका माणसाने हात आवरला नसता तर उरली असती फक्त नाण्यांची रास. तुम्हाला एकाच जागी दोन-तीनपेक्षा जास्त नाणी, खापरे किंवा हाडे एकत्र लागली तर असेच थांबा.

सुटे नाणे काढताना केंद्राच्या अगदी वर पाते घालू नका. चार बोटे बाजूने तीन बाजूंनी कापून मातीचा चौकोनी थर चौथ्या बाजूवर उलटा करा, म्हणजे गवताची मुळे जिवंत राहतात. माती कापडावर काढा. पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचा छोटा डिटेक्टर, खड्ड्याच्या तळाशी आणि कडांना फिरवा. नाणे बाहेर आल्यावरही रिकाम्या खड्ड्यावरून कॉइल पुन्हा फिरवायला विसरू नका, दुसरे खाली असू शकते. मग माती भरून पायाने दाबा. तोफेचा गोळा, काडतुसासारखे काही मोठे दिसले तर हात न लावता लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

आणि कृपा करून, नाणे हातात येताच अंगठ्याने माती चोळू नका. मातीतले वाळूचे कण नाण्यावरच्या अक्षरांना ओरखडतात, आणि तो ओरखडा कायमचा राहतो. ओल्या मातीसकट डबीत ठेवा. घरी शुद्ध, क्षार काढलेल्या पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, माती आपोआप सुटू द्या. लिंबू, व्हिनेगर, पितळ उजळवायची पावडर, तारेचा ब्रश, यांतले काहीही नको. तांब्यावरचा गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हे त्याचे कवच आहे; ते काढले की जाणकाराच्या लेखी नाण्याचे मोल उतरते. फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली तर मात्र ती क्लोराइडची झीज असते. ते नाणे कोरडे आणि बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, आणि जाणत्या माणसाला दाखवा.

आता मोठ्या कॉइलचे. मोठी कॉइल मोकळ्या, स्वच्छ माळावर इंच-दोन इंच खोली वाढवते, हे खरे. पण तिच्याखाली एकाच वेळी जास्त खिळे येतात, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे. पुढे पैसे खर्च करायचेच असतील तर पाच-सहा इंची छोटी डीडी कॉइल घ्या, म्हणजे जिच्यातली दोन वेटोळी इंग्रजी D च्या आकाराची असून एकमेकांवर थोडी चढलेली असतात अशी. खिळ्यांच्या गर्दीत ती दोन खिळ्यांमधल्या फटीत डोकावते. खोली थोडी कमी मिळेल, पण आज तुमच्या हातून सुटणारी नाणी खोल नाहीत, खिळ्यांच्या आड आहेत. ती घेण्याआधी फळीवरची चाचणी सध्याच्या कॉइलने पूर्ण करा, आणि नाणे कुठल्या दिशेने आणि कुठल्या पायरीला नाहीसे झाले ते मशीनच्या मॉडेलसकट मला लिहून पाठवा. त्यावरून रिकव्हरी स्पीड किती ठेवायचा ते नेमके सांगता येईल.